अमृतवाहिनीची पांढर

गंगा-गोदेचे माहात्म्य निघाले, की आम्हां अकोलेकरांना आमची प्रवरा आठवते. रतनगडाच्या कुशीत उगम पावून प्रवरासंगमी गोदावरीस मिळणारी ही अमृतवाहिनी! विंध्य ओलांडून दक्षिणेत आलेल्या अगस्ती ऋषींचा आश्रम अकोल्यास हिच्याच काठी, आणि शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासेही हिच्याच काठी.

एवढे पोथ्यांनी सांगितले. त्याहून जुनी हकीकत मातीने सांगितली. संगमनेरजवळ जोर्वे येथे १९५०-५१ साली उत्खनन झाले. तांबड्या अंगावर काळी नक्षी असलेली, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची भांडी निघाली. त्या संस्कृतीला विद्वान आज 'जोर्वे' याच नावाने ओळखतात. दायमाबादेस तर १९७४ साली झाडाचे मूळ खणताना धातूचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ हाती लागला!

जुन्या वस्तीच्या अशा टेकाडाला आपण 'पांढर' म्हणतो आणि तिची माती धाब्यासाठी खुशाल गाड्या भरभरून नेतो. वाचकहो, अगस्तीच्या दारी वहाणा काढणाऱ्या आपण पांढरीवर कुदळ घालताना क्षणभर थांबू नये काय? त्या मातीबरोबर गेलेला इतिहास कुठल्याही पोथीत पुन्हा सापडायचा नाही.