कचोरीचे गाव

शेगाव स्थानकावर गाडी थांबली की खिडकीपाशी कचोरीची पुडी येते आणि सोबत तळलेली हिरवी मिरची. फाळणीनंतर पंजाबातून विस्थापित होऊन आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास याच स्थानकाच्या कॅन्टीनमध्ये ही कचोरी तळायला घेतली. आज तिला कोणी पंजाबी म्हणत नाही. गावाचे नाव हीच तिची ओळख, आणि ती कुठल्याही डिझायनरने घडवलेली नाही.

स्थलांतरितांच्या खाद्यसंस्कृतीचे महोत्सव आता जिल्ह्याच्या गावांतही भरू लागले आहेत. अशा महोत्सवाचे बोधचिन्ह, कमान, स्टॉलच्या पाट्या, कूपन हे काम आपल्या डिझाइनच्या व्यवसायातल्या कोणाच्याही टेबलावर येऊ शकते, म्हणून हे लिहितो आहे. बुलढाणा जिल्हाच घ्या. कापसाच्या बाजारपेठेमुळे आणि १८७० मध्ये सुरू झालेल्या जलंब-खामगाव रेल्वेमुळे खामगावात मारवाडी आणि गुजराती व्यापारी स्थिरावले. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे आली. मेहकर-लोणारकडे बंजारा तांडे आहेत, खानदेशाला लागून असलेल्या मलकापुरात वरण-बट्टी आणि भरीत आहे.

हे सगळे एका फ्लेक्सवर आणायचे म्हटले की आपला हात ठरावीक चित्रांकडे जातो. मारवाड्यासाठी उंट, पंजाब्यासाठी ढोल, बंजाऱ्यासाठी आरसे लावलेल्या घागऱ्यातली बाई. इंटरनेटवरून उचललेला एखादा काठ चारही बाजूंनी फिरवला की काम संपले. मला हे सरळ चुकीचे वाटते. तीन पिढ्या खामगावात दुकान चालवणाऱ्या माणसाला आपण वाळवंटातला पाहुणा करून टाकतो. कवड्या-आरशांचे भरतकाम तर बंजारा बायकांच्या हातचे आहे; त्यांना न विचारता, त्यांच्या कामाचा मोबदला न देता ते सजावट म्हणून वापरणे ही उचलेगिरी आहे.

त्यापेक्षा ज्या वस्तू खरोखर वापरात आहेत तिथून सुरुवात करावी. कचोरीच्या पुडीचा तेल पाझरलेला कागद, बट्टीसाठी पेटवलेल्या गोवऱ्यांची राख, सिंधी दाल-पकवानावर भुरभुरलेला कांदा. यातून रंग मिळतात, पोत मिळतो, आणि ते कोणत्याही जातीचे वा प्रांताचे सोंग आणत नाहीत. दोनच रंगांत काम भागवता आले तर उत्तम: कमानीपासून कूपनापर्यंत ओळख टिकते आणि छपाईचा खर्चही आवाक्यात राहतो.

खरी कसोटी अक्षरांची आहे. गुजरातीला शिरोरेषा नाही, त्यामुळे त्याच पॉइंटमध्ये देवनागरीशेजारी ठेवली की ती फिकी पडते. आकार आणि जाडी डोळ्यांनी जुळवावी लागते. उर्दूची नस्तालीक उजवीकडून डावीकडे आणि तिरकी उतरत जाते, तिला वर-खाली जादा जागा द्यावी लागते, नाहीतर नुक्ते कापले जातात. सिंधी भारतात देवनागरी आणि अरबी अशा दोन्ही लिप्यांत लिहिली जाते. कोणती हवी हे स्टॉलवाल्या कुटुंबालाच विचारावे. ‘एक टाइप’ या टंकनिर्मिती संस्थेचे ‘बालू’ आणि ‘मुक्त’ हे टंक देवनागरी, गुजराती, गुरुमुखी अशा अनेक लिप्यांत मोफत मिळतात, तेव्हा साधन नाही ही सबब उरलेली नाही.

पाटीवर पदार्थाचे नाव सर्वांत मोठे असावे, त्याखाली तो कशाचा आहे आणि शाकाहारी की मांसाहारी ते स्पष्ट. नाव घरात ज्या उच्चाराने घेतात तसेच लिहावे. जत्रेत संध्याकाळी हॅलोजनच्या झोतात चकचकीत फ्लेक्स वाचता येत नाही, म्हणून कापडी किंवा मॅट छपाई मागावी. प्रायोजकाचे नाव कमानीवर मोठे असायला हरकत नाही, पण स्टॉलच्या पाटीवर त्याला जागा नको; ती पाटी रांधणाऱ्या हातांची आहे.

आणि एक विनंती. फाइल छपाईला देण्याआधी तिचा रंगीत प्रूफ त्या-त्या समाजातल्या एका स्वयंपाक करणाऱ्या बाईला दाखवा. तिने नको म्हटलेले चित्र काढून टाका, मुदत कितीही जवळ आली असली तरी.