पुन्हा एक डाव

श्रावणातल्या एका रविवारी छत्रपती संभाजीनगरातील एका मित्राच्या घरी आम्ही सातजण सकाळपासून रात्रीपर्यंत केवळ खेळत होतो. सातांतले सहाजण मराठी शिकवणारे किंवा शिकणारे. त्यामुळे दिवसभर साहित्याचा विषय काढायचा नाही, अशी अट सुरुवातीलाच घातली होती. ती अर्थातच पाळली गेली नाही. सकाळी बुद्धिबळाचे दोन पट मांडले, जेवणानंतर ‘कॅटन’ नावाचा जर्मन खेळ आणि दिवेलागणीनंतर मेंढीकोट. परतताना मनात घोळत राहिला तो एकच विषय: हरणे.

‘कॅटन’ हा क्लाउस टॉयबर यांनी रचलेला खेळ 1995 साली जर्मनीत प्रसिद्ध झाला. षट्कोनी तुकड्यांचे एक बेट मांडायचे, त्यावर वस्त्या वसवायच्या, रस्ते काढायचे. लाकूड, विटा, लोकर, धान्य आणि खनिज यांची आपसांत देवघेव करायची. जो आधी दहा गुण करील तो जिंकला. यात फाशांना काम आहे, पण सौदेबाजीला त्याहून अधिक आहे. दोन फाशांची बेरीज सात आली की चोराची सोंगटी हलवता येते आणि ती ज्या तुकड्यावर जाऊन बसेल तिथले उत्पन्न थांबते. चौघे खेळत होते, उरलेले तिघे सल्ले देत होते. एम. ए.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलीने ती सोंगटी उचलली आणि ज्या निवृत्त प्राध्यापकांनी तिला पदवीला शिकवले, त्यांच्याच धान्याच्या तुकड्यावर ठेवली. ‘सर, तुमचे आठ गुण झालेत,’ एवढेच ती म्हणाली. सरांनी तिच्याकडे पाहिले, पटाकडे पाहिले आणि म्हणाले, ‘बरोबर आहे. मीही हेच केले असते.’

हीच मुलगी वर्षभर आमच्या मासिक चर्चेला येते. सरांच्या एखाद्या विधानाला तिचा आक्षेप आहे, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते. बोलण्याची सुरुवात मात्र ‘सरांनी म्हटल्याप्रमाणे’ अशीच होते. यात तिचा दोष नाही आणि सरांचाही नाही. आमच्या चर्चेला पट नसतो. चाल कोणाची, डाव कुठे संपतो, चूक झाली हे कशावरून ठरवायचे, यांतले काहीच ठरलेले नसते. म्हणून तिथे कोणी हरत नाही. आणि मतभेद झालाच तर तो मताला न लागता माणसाला लागतो, पुढे वर्षानुवर्षे लागलेला राहतो.

योहान हाउझिंगा या डच इतिहासकाराने 1938 साली ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात संस्कृतीच्या मुळाशी असलेल्या खेळाचा विचार मांडला. त्यात त्याने लबाडीने खेळणारा आणि खेळच उधळून लावणारा यांत भेद केला आहे. लबाड निदान नियम मानल्याचे सोंग तरी करतो. उधळणारा ते रिंगणच मोडून टाकतो. आपण ज्याला रडीचा डाव म्हणतो तो या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येतो. आमच्या वाङ्मयीन वादांत हाच डाव अधिक खेळला जातो. मुद्दा हातचा जातो आहे असे दिसताच समोरच्याचे वय, गाव आणि गट काढला जातो. पत्त्यांच्या डावात असे कोणी केले तर त्याला पुढच्या वेळी बोलावत नाहीत. चर्चासत्रात मात्र त्याला अध्यक्ष करतात.

खेळाविषयी आपल्या साहित्यपरंपरेत एक जुना संशय आहे. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून आपण ‘लीळाचरित्र’ शिकवतो. त्यातल्या पूर्वकथेत भडोचचे हरिपाळदेव द्यूतात हरतात, देणे फेडण्यासाठी कमळाइसांकडे दागिने मागतात, त्या नाकारतात आणि तिथून विरक्तीची वाट सुरू होते. हीच व्यक्ती पुढे चक्रधर म्हणून आमच्याच जिल्ह्यातील पैठणला येऊन राहिली. त्याआधीचे सभापर्व तर सर्वांना तोंडपाठ. खेळ म्हणजे पण आणि पण म्हणजे सर्वनाश, हे समीकरण इतके घट्ट बसले आहे की द्यूत आणि क्रीडा यांतील अंतर पाहण्याची गरजच आपल्याला वाटत नाही.

पण सभापर्व नीट वाचले तर द्रौपदीचा प्रश्न हा नियमाचा प्रश्न आहे. बोलावणे घेऊन आलेल्या दूताला ती परत पाठवते आणि विचारायला सांगते की युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की तिला. जो स्वतःलाच हरून बसला, त्याला दुसऱ्या कोणाला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का? भर सभेत ही एकच व्यक्ती नियमाविषयी बोलते. भीष्म धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून उत्तर टाळतात, विकर्ण तिची बाजू घेतो तेव्हा कर्ण त्यालाच पोरवयाचा ठरवतो. समीक्षकाचे काम यापेक्षा वेगळे काय असते? पट न उधळता नियम विचारणे. आणि पोरवय काढून तो प्रश्न दडपणे ही आपल्या सभांची रीत तेव्हापासूनची आहे, असे म्हणावे लागते.

या सभेचे प्रत्युत्तर शहरापासून तीसेक किलोमीटरवर दगडात कोरलेले आहे. वेरूळच्या एकविसाव्या, म्हणजे रामेश्वर लेण्यात शिव आणि पार्वती सारीपाट खेळत बसले आहेत. खाली नंदीभोवती गणांचा धुडगूस चालला आहे. चौदाव्या आणि एकोणतिसाव्या लेण्यांतही हाच प्रसंग आहे. एकाच डोंगरात तो पुनःपुन्हा कोरावासा वाटला, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. हस्तिनापुरात स्त्री पणाला लावलेली वस्तू होती. वेरूळात ती पटावर बसलेली खेळाडू आहे, आणि पुराणे सांगतात त्याप्रमाणे जिंकणारीही तीच. इथे हरल्यावर वनवास नाही. रुसवा आहे आणि पुढचा डाव आहे.

याच शहरात 1871 साली हरिकृष्ण शर्मा यांनी ‘क्रीडाकौशल्य’ लिहिले. ‘बृहज्ज्योतिषार्णव’ या विशाल संस्कृत ग्रंथाचा तो एक भाग. ज्योतिषाच्या ग्रंथात बुद्धिबळ आणि पत्त्यांना जागा द्यावीशी वाटणारा हा पंडित खेळाला व्यसन न मानता कौशल्य मानत होता, हे शीर्षकावरूनच कळते. आमच्या विद्यापीठीय अभ्यासात या ग्रंथाला कितीसे स्थान आहे?

यावर एक आक्षेप रास्त आहे. खेळायला फुरसत लागते आणि ती सर्वांना सारखी मिळत नाही. घरोघरी पुरुषांचे पत्त्यांचे डाव रंगले तेव्हा चहाच्या फेऱ्या कोणी पुरवल्या, हे आपण जाणतो. म्हणून यजमानीणबाईंनी त्या दिवशी आपला एक नियम घातला होता: दुपारची खिचडी सकाळी बुद्धिबळात हरलेल्यांनी करायची. त्या स्वतः एका पटावर होत्या आणि त्यांनी आमच्यापैकी दोघांना हरवले. खिचडी थोडी लागली, पण नियमाविषयी कोणाची तक्रार नव्हती. पट बरोबरीचा हवा असेल तर पटाबाहेरची कामेही नियमात यावी लागतात.

रात्री मेंढीकोटाला सर आणि ती मुलगी भिडू म्हणून समोरासमोर बसले. चारही दश्श्या आमच्याकडे आल्या आणि त्यांच्यावर कोट चढला. तिने हुकूम एक हात आधी खर्च केला, असे सरांचे मत होते. सरांनी बदामाची उतारी करायलाच नको होती, असे तिचे. दोघेही बराच वेळ मोठ्याने भांडले, आणि त्या भांडणात ‘सरांनी म्हटल्याप्रमाणे’ हे शब्द एकदाही आले नाहीत. मग सरांनी पत्ते गोळा करून पिसायला घेतले.

पुढच्या महिन्याच्या चर्चेसाठी सरांचाच एक जुना लेख घ्यायचे ठरले आहे. आक्षेप लेखी मांडायचे, उत्तर मुद्द्यालाच द्यायचे आणि पटले नाही तर तसे सांगून, पटले तर माघार घेऊन उठायचे, एवढे तीन नियम. आरंभ कोणी करायचा, असे विचारल्यावर सर म्हणाले, पहिली चाल तिची.