शोधाचा खर्च कोणी सोसायचा?

१९६९ साली सेमूर हर्श या अमेरिकी पत्रकारांच्या कानी कुणकुण आली की, व्हिएतनामी गावकऱ्यांच्या हत्येबद्दल एका लष्करी अधिकाऱ्यावर कारवाई चालू आहे. त्यांच्या पाठीशी कोणतेही वृत्तपत्र नव्हते. त्याच वर्षी फिलिप स्टर्न यांनी स्थापन केलेल्या शोधपत्रकारिता निधीने त्यांना प्रथम २५० आणि नंतर २,००० डॉलर दिले. तेवढ्या तुटपुंज्या आधारावर माय लायचे हत्याकांड उजेडात आले आणि १९७० साली हर्श पुलित्झर पारितोषिकाचे मानकरी ठरले.

शोधाला वेळ लागतो, प्रवास घडतो, वकिलाचा सल्ला घ्यावा लागतो. आणि हाती काही गवसेलच याची शाश्वती नसते. जाहिरातींवर पोसलेल्या वृत्तपत्राला हा आतबट्ट्याचा व्यवहार वाटल्यास नवल नाही. मोठा जाहिरातदार खुद्द सरकारच असेल, तर मग बोलायलाच नको! म्हणूनच अनुदानाची वाट शोधावी लागते.

भारतात मात्र ही वाट काटेरी आहे. परकीय देणग्यांविषयीच्या २०१० च्या कायद्याने वृत्तपत्रांना व पत्रकारांना परदेशी पैसा वर्ज्य केला आहे. त्यामागील सावधगिरी समजण्यासारखी आहे. तथापि, मग स्वदेशी दार तरी मोकळे हवे. २०१५ साली बंगळुरात एतद्देशीय दात्यांच्या बळावर स्वतंत्र माध्यमांसाठी एक प्रतिष्ठान उभे राहिले. सप्टेंबर २०२२ मध्ये आयकर खात्याचे अधिकारी तेथे पाहणीसाठी येऊन थडकले. जानेवारी २०२५ मध्ये ‘रिपोर्टर्स कलेक्टिव्ह’ने जाहीर केले की, पत्रकारितेने कोणतेही सार्वजनिक हित साधत नाही असे कारण देऊन आपला ना-नफा दर्जा आयकर खात्याने रद्द केला. १९६१ च्या आयकर कायद्याने सार्वजनिक उपयोगाचे कार्य धर्मादाय मानले होते. सरकारी कारभारातील उणिवा जनतेपुढे मांडणे हे त्यात बसत नसेल, तर बसते तरी काय?

दाताही निर्हेतुक असतोच असे नव्हे, हा आक्षेप खरा आहे. ज्याचे मीठ खावे त्याच्याविरुद्ध लेखणी उचलणे कोणालाही जड जाते. त्यावर उपाय आहेत: देणगीदारांची नावे व रकमा जाहीर कराव्यात, संपादकीय निर्णयांपासून दात्यास दूर ठेवावे आणि एका धनिकाऐवजी अनेक वाचकांच्या वर्गणीवर भिस्त ठेवावी. या अटी कायद्याने जरूर घालाव्यात. अटी घालणे वेगळे आणि दार बंद करणे वेगळे. शोधाचा खर्च समाजाने सोसला नाही, तर अज्ञानाची किंमत त्यालाच मोजावी लागेल; आणि ती २,२५० डॉलरांत भागणारी नसेल.