दहा सेंटिमीटर कुणी खाल्ले?

वनरक्षकाच्या भरतीत पुरुषाला 163 सेंटिमीटर उंची लागते. आदिवासीला 152.5 चालते. ही सवलत राहिलीच पाहिजे. पण भरतीहून परत येताना आपलीच पोरं म्हणतात, "आपली जातच बुटकी." हे मला पटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं भारत, घाना, नॉर्वे धरून 6 देशांतली मुलं मोजली. पोटभर खायला मिळणारी निरोगी मुलं पाच वर्षांपर्यंत सगळीकडं जवळजवळ सारखीच वाढली. उंचीचा पाया आईच्या पोटात आणि पहिल्या दोन वर्षांत पडतो. तेव्हा उपास घडले, जुलाब लागत राहिले, की पोर खुरटतं, सारखं आजारी पडतं. खुरटलेल्या पोरीचं पुढं बाळंतपणही अवघड जातं.

आमच्या सोलापूरकडं फासेपारध्यांच्या तितर-सशांवर 1972 च्या कायद्यानं बंधन आलं. ताटातलं गेलं. त्याबदली कसायला जमीन किती जणांना मिळाली?

बायांनो, भावांनो, अंगणवाडीत पोराचं नुसतं वजन नको, उंचीही मोजून घ्या. आणि वनहक्काचा दावा सोडू नका. जमीन हातात आली तरच ताटात काही येईल, पोर वाढेल.