मुंबईच्या पायाखालची जमीन

ता. २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छांत भूकंप झाला, आणि त्याच्या केंद्रापासून २०० किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेंत बहुमजली इमारती कोसळून शेंकडों माणसें दगावलीं. साबरमतीच्या गाळानें धक्का वाढविला. आणि मोटारींसाठीं तळमजला मोकळा सोडून नुसत्या खांबांवर उभ्या केलेल्या कित्येक इमारतींनीं उरलेलें काम केलें.

भूकंपाचें मान एकच असतें. तीव्रता मात्र जागोजागीं बदलते, हें आमचे सुशिक्षित वाचकहि विसरतात. २००२ सालच्या भारतीय मानक संहितेच्या नकाशांत मुंबईस तिसऱ्या विभागांत घातलें, म्हणजे तीव्रतेच्या सातव्या अंशाचा संभव मानला. पण सबंध शहरास एकच रंग देऊन काय साधलें? मलबार टेंकडीचा काळा पाषाण आणि बेटांमधील खाड्या बुजवून केलेली भरावाची जमीन एकाच धक्क्यानें सारखीं हलतील काय? मुंबईस भूकंपाचें भय कसलें, असें म्हणणारानें ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा धक्का येथवर कसा जाणवला, तें वडीलधाऱ्यांस विचारावें.

चार नारळ हालवून पाहिल्यावांचून पोतें न घेणारा आमचा व्यापारी आयुष्याची कमाई ओतून जागा घेतांना फरशीचा रंग विचारतो. खालच्या मातीविषयीं चकार शब्द काढीत नाहीं!

महानगरपालिकेनें मातीची परीक्षा करून केलेला वॉर्डवार नकाशा मराठींत छापून प्रत्येक वॉर्ड कचेरीच्या दारांत लावावा, आणि खांबांवरील जुन्या इमारतींची तपासणी भरावाच्या भागापासून सुरू करावी. घरांचे भाव उतरतील ही भीति आम्हांस ठाऊक आहे. तिच्यापायीं खरेदीदारास अंधारांत ठेवणें आम्हांस मान्य नाहीं.