पाळी चुकण्याची वाट पाहू नका, गोळी आधी सुरू करा!

आदिलाबाद जिल्ह्यातील आणि पैनगंगेच्या दोन्ही काठांवरील समस्त बंधू-भगिनींना कळकळीचे आवाहन

पाठीवर उघडी गाठ घेऊन बाळ जन्माला आले की ओली बाळंतीण अजून सावरलेलीही नसते, तोच तिला विचारले जाते, ‘ग्रहणात काही चिरलंस का?’ हात जोडून सांगतो, हा प्रश्न कायमचा बंद करा. ग्रहणाने, नजरेने किंवा करणीने बाळाच्या पाठीला व्यंग येत नाही.

खरे कारण पोटात, अगदी सुरुवातीला घडते. मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून तयार होतात, ती नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांच्या आत मिटते. ती वरच्या टोकाला उघडी राहिली तर मेंदूच घडत नाही. खाली उघडी राहिली तर मज्जातंतू पाठीवर उघडे पडतात, पाय लुळे राहतात, लघवी-शौचावर ताबा राहत नाही, अनेकदा डोक्यात पाणी साठते. भारतात दर हजार जन्मांमागे 4 ते 5 बाळांना असा दोष असतो, असे देशभरातील अभ्यासांच्या 2015 मधील एकत्रित आढाव्यात दिसले.

हे दोष बऱ्याच अंशी टाळता येतात. ज्यांचे आधीचे बाळ असे झाले होते, अशा स्त्रियांवर सात देशांत चाचणी झाली. फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाची गोळी घेणाऱ्यांमध्ये हा दोष पुन्हा होण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष 1991 साली प्रसिद्ध झाला. एवढी वर्षे झाली, तरी ही गोळी आपल्या घरांत वेळेवर पोचत नाही. नळी मिटते तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. आशाताईंच्या वहीत नाव चढते त्यानंतर. चौथ्या महिन्यापासूनच्या लाल गोळ्या आईच्या रक्तासाठी हव्यातच, पण कण्याचे काम तोवर आटोपलेले असते. रेशनच्या तांदळात फॉलिक ॲसिड मिसळलेले असले, तरी गर्भारपणाच्या तयारीला तेवढे पुरत नाही.

म्हणून नवविवाहितांनो, मूल हवे असे ठरले की गर्भ राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून गर्भारपणाचे पहिले तीन महिने संपेपर्यंत रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्या. आधीचे बाळ असे झाले असेल, मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधे चालू असतील, तर मात्रा वेगळी लागू शकते. मूल होऊ देण्याआधी डॉक्टरांना भेटा. फिट्सची गोळी मात्र मनाने बंद करू नका.

जन्मतःच शरीरे जोडलेल्या जुळ्यांची गोष्ट मात्र या दोषाहून वेगळी. एकच फलित बीज उशिरा आणि अर्धवट विभागले की अशी जुळी होतात. त्यावर प्रतिबंधक गोळी नाही, आणि दोष कोणाचाच नाही. आपल्याच तेलंगणात 2003 साली डोक्याला डोके जुळून जन्मलेल्या वीणा-वाणी हैदराबादच्या निलोफर रुग्णालयात वाढल्या आणि 2022 मध्ये इंटर पास झाल्या. मुंबईच्या वाडिया रुग्णालयात 2014 साली रिद्धी-सिद्धी या जुळलेल्या बहिणी शस्त्रक्रियेने वेगळ्या झाल्या. कोणतेही व्यंग आधी कळले तर बाळंतपण मोठ्या रुग्णालयात ठरवता येते. त्यासाठी सुरुवातीची सोनोग्राफी आणि 18 ते 20 आठवड्यांची टिफा तपासणी (बाळाच्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी) चुकवू नका. गंभीर व्यंग निघाले तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने 24 आठवड्यांनंतरही गर्भपाताची मुभा 2021 च्या दुरुस्त कायद्याने दिली आहे. निर्णय त्या स्त्रीचा. तिच्यावर दडपण आणू नका.

बाळ पाठीवर गाठ घेऊन जन्मलेच, तर गाठीवर हळद, तेल, राख लावू नका, ती दाबू किंवा फोडू नका. बाळाला पालथे किंवा कुशीवर ठेवा. निर्जंतुक सलाईनमध्ये भिजवलेल्या स्वच्छ कापडाने गाठ हलकेच झाका, बाळाला ऊब द्या आणि 108 रुग्णवाहिकेला फोन करून आदिलाबादचे रिम्स रुग्णालय गाठा. उघड्या गाठीची शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या दोन-तीन दिवसांत व्हावी लागते. आदिलाबादहून हैदराबाद सुमारे 300 किलोमीटरवर आहे, नागपूर 200 वर. बारसे होऊ द्या, मग बघू, असे म्हणायला वेळ नाही. कमरेच्या खाली केसांचा झुबका किंवा खोल खळी दिसली तरी दाखवून घ्या, आत दोष लपलेला असू शकतो.

बेला, जैनथ, तामसी, भीमपूरच्या सरपंचांनो, लग्नाची नोंद करायला जोडपे आले की तिथेच गोळ्यांची चौकशी करा. केस्लापूरच्या नागोबा जत्रेत मेस्राम घराण्याच्या नव्या सुना देवाच्या भेटीला येतात. आरोग्य खात्याने तिथे गोळ्या वाटाव्यात आणि गोंडी, कोलामी, मराठी, तेलुगूतून त्या कशासाठी ते सांगावे. सासूबाईंनो, सुनेच्या हातावर ही गोळी तुम्ही स्वतः ठेवा. तुमचा शब्द घरात चालतो.

तुमच्या घरात यंदा लग्न झाले असेल, तर उद्याच उपकेंद्रात जा आणि फॉलिक ॲसिड मागा. साठा नाही असे उत्तर मिळाले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात लेखी मागणी द्या, तिची पोच घ्या, आणि तोवर औषधाच्या दुकानातून गोळी आणून सुरू करा.