तांब्याची खोड

कोलार रोडवर आपल्या घरात दिवा लागतो, त्यातली बरीच वीज कोळशाची असते. आपल्याच राज्यात, सिंगरौली जिल्ह्यात, एनटीपीसीचं ४,७६० मेगावॅटचं विंध्याचल केंद्र आहे. तिथे २०२२ मध्ये धुरातून रोज २० टन कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायची सोय झाली आणि २०२४ मध्ये त्यापासून मिथेनॉलही बनलं. वाचून बरं वाटलं. मग सवयीने हिशेब केला. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण एक किलो वायू सुटतो. केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला लाखभर टन. त्यातले २० टन! तरी सुरुवात झाली, हे खरंच.

विंध्याचलला विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून मग उष्णता आणि दाब देऊन मिथेनॉल करतात. मला जास्त रस आहे तो थेट मार्गात : वायू, पाणी आणि वीज एकाच सेलमध्ये. इथे सगळा खेळ इलेक्ट्रोडच्या धातूचा. जपानच्या चिबा विद्यापीठातल्या योशिओ होरी यांनी १९८५ च्या सुमारास एकेक धातू तपासला. सोनं-चांदी कार्बन मोनॉक्साइड बनवतात आणि लगेच सोडून देतात. प्लॅटिनम, निकेल त्याला इतकं घट्ट धरतात की पृष्ठभागच अडतो आणि हायड्रोजनच निघत राहतो. तांब्याची पकड मधली. म्हणून तांब्यावर मिथेन आणि इथिलीन तयार होतात. दुधाच्या पिशवीचं पॉलिथीन या इथिलीनपासूनच बनतं.

पण तांब्याला एक खोड आहे : ते एका वेळी डझनभर पदार्थ करून ठेवतं. मग ते निवडत बसा! त्यात काय मिसळलं तर हवं तेच मिळेल, हे एकेक करून बघायला आयुष्य पुरायचं नाही. इथे आम्हा कॉम्प्युटरवाल्यांचा नंबर लागतो. २०२० मध्ये टोरांटो आणि कार्नेगी मेलन विद्यापीठांच्या गटाने मशीन लर्निंगने शेकडो तांबेयुक्त स्फटिक चाळले आणि ॲल्युमिनियमची जोडी निवडली. प्रयोगात ८० टक्क्यांहून जास्त विद्युतप्रवाह इथिलीन बनवण्यात लागला. नुसत्या तांब्यावर तो ६६ टक्के होता.

अर्थात ही वीज कोळशाची असेल, तर जितका वायू वापरू त्याहून जास्त सोडू. सौर किंवा पवन वीजच हवी.

घरात कुणी पायथन शिकत असेल तर ‘ओपन कॅटॅलिस्ट’ प्रकल्पाचा डेटा त्याला दाखवा. फुकट डाउनलोड होतो; फक्त हार्ड डिस्कमध्ये आधी जागा करा.